सूडाची रहस्यमालिका लिहिताय? या चुका टाळा

सांगली, मिरज, सातारा, कराडकडची पोरं आता धडाधड मालिका लिहायला लागली आहेत, ही फार चांगली गोष्ट आहे. त्यात रहस्यकथा जास्त, आणि रहस्यकथांत सूडाच्या जास्त. पण या संहिता वाचताना दुखणं बहुतेक वेळा एकच निघतं. पहिला भाग झकास असतो, पहाटे घाटावर प्रेत सापडतं, फौजदार येतो, आपण सावरून बसतो. चौथ्या भागापाशी गाडं रुततं. आणि शेवटच्या भागात खुनी खुर्चीत बसून दहा मिनिटं फ्लॅशबॅक सांगतो. लेखकाला वाटतं शेवट फसला. फसलेला असतो दुसरा भाग.

सूडाचं कारण लपवू नका

सूडकथेत प्रेक्षकाला दोन प्रश्न असतात, कोणी आणि का. नवा लेखक दोन्ही लपवतो. मग प्रेक्षकाच्या हातात धरायला काहीच उरत नाही. तीन माणसं मरतात, त्यांच्यात काय नातं ते कळत नाही, आणि ज्याच्याबद्दल काही माहीतच नाही अशा माणसाच्या मरणानं कोणाच्या पोटात कालवत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. सूड घेणारा लपवा, पण ज्याचा सूड घेतला जातोय तो अन्याय लवकर उघड्यावर मांडा.

एक गोष्ट रचून बघू. सांगलीची हळदपेठ घ्या. २००५ च्या महापुरात सांगलीजवळच्या हरिपुरातल्या अनेक पेवांमध्ये, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या कोठारांत, पाणी शिरलं, हळद नासली, हा इतिहास आहे. इथून पुढचं सगळं आपलं. एका अडत्यानं, म्हणजे शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकणाऱ्यानं, पूर यायच्या आधीच शेतकऱ्यांची पोती गुपचूप हलवून विकली आणि पुरात गेली म्हणून सांगितलं. वजनाच्या पट्ट्या, म्हणजे पावत्या, जुळेनात, तेव्हा आळ घातला तोलाईदारावर, म्हणजे माल तोलणाऱ्यावर. गोदामवाल्यानं साक्ष दिली, दिवाणजीनं वहीत फेरफार केला. महिन्याभरात तोलाईदार कृष्णेत मिळाला. बायको सहा वर्षांची पोर घेऊन माहेरी गेली ती परत आली नाही. वीस वर्षांनी अडत्या एका जुन्या पेवात मेलेला सापडतो.

आता ही तोलाईदाराची हकिकत आठव्या भागात फोडायची की दुसऱ्या? दुसऱ्याच. मार्केट यार्डातल्या चहाच्या गाड्यावर एखादा म्हातारा हमाल सहज बोलून जाऊ दे, ‘त्या तोलाईदाराचा तळतळाट लागला बघा.’ अख्ख्या पेठेला ती गोष्ट ठाऊक असू दे. त्यामुळं होतं काय, की पुढची दोन नावं प्रेक्षकाला आधीच कळतात. गोदामवाला जिना उतरताना दिसला तरी छातीत धडधडतं. ‘का’ कळल्यावर ‘कोणी’ला धार येते, कारण आता प्रेक्षक पडद्यावरच्या पंचविशीतल्या प्रत्येक चेहऱ्याकडं संशयानं बघायला लागतो.

तुमची संहिता अडली असेल तर एक तपासणी करा. दुसरा भाग घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा आणि विचारा, ‘कोणावर काय अन्याय झालाय?’ एका वाक्यात उत्तर आलं नाही, तर पुढचे भाग दुरुस्त करत बसू नका, दुसराच पुन्हा लिहा.

हत्यार गावातलं शोधा

परदेशी मालिकांतली विषं, सायलेन्सर, क्लोरोफॉर्मचा रुमाल हे सगळं बाजूला ठेवा. क्लोरोफॉर्मनं माणूस क्षणात कोसळत नाही, त्याला मिनिटं लागतात. आपल्याकडं गावागावात याहून कितीतरी सरस साधनं पडली आहेत.

पेव म्हणजे जमिनीतला रांजणच, तोंड अरुंद, पोट मोठं. तोंडातून एक माणूस जेमतेम आत उतरेल. हळद भरून तोंड शेणामातीनं बंद केलं की आतली हवा कोंडते, प्राणवायू कमी होतो आणि कर्बवायू साठतो. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कोणी उतरत नाही, बराच वेळ ते मोकळं ठेवतात. आत पेटता कंदील सोडून बघायची जुनी पद्धत आहे, कंदील विझला तर उतरायचं नाही. शीतगृहं आल्यापासून पेवांचा वापर घटला, पण ही गोष्ट जुन्या माणसाच्या हाडीमाशी खिळलेली असते.

मग खुन्याला सुरी लागत नाही, फक्त एक खोटं वाक्य लागतं. ‘अण्णा, पेव पहाटेच उघडून ठेवलंय.’ आणि तपासाचा प्रश्नही त्यातूनच निघतो. चाळीस वर्षं हळदीत काढलेला माणूस कंदील न सोडता उतरला कसा? याचा अर्थ सांगणाऱ्यावर त्याचा पक्का विश्वास होता. संशयितांची यादी एका झटक्यात लहान होते, आणि ती लेखकानं लादलेली वाटत नाही. शिवाय प्राणवायूच्या कमतरतेनं आलेल्या मृत्यूत शरीरावर फारशा खास खुणा राहत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशी हा अपघातच वाटणार, त्यासाठी डॉक्टरला वेडा ठरवायची गरज नाही.

धागा दाखवा, पण ढोल वाजवू नका

धाग्याच्या बाबतीत चुका दोन बाजूंनी होतात. एक तर तो प्रेक्षकाला दाखवतच नाहीत, शेवटी इन्स्पेक्टर खिशातून काढतो. नाहीतर क्लोजअप, धडाम संगीत आणि तीनदा रिपीट. धागा असा ठेवावा की तो दिसत असताना त्या दृश्यात दुसरंच काहीतरी चाललेलं असेल.

हळदीचा डाग साबण लागला की लाल होतो, हे घरात कपडे धुणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हळद आणि चुन्यापासून कुंकू होतं तेही याच गुणामुळं. आपल्या गोष्टीत तिसऱ्या भागात एका हमालाच्या घरी पोलीस जातात, तर बादलीत सदरा भिजत घातलेला आणि पाणी लालसर. त्याला उचलतात. मग ठाण्यातली महिला शिपाई स्वतःच्या रुमालावर हळद, साबण आणि मग लिंबू लावून दाखवते, लाल परत पिवळं होतं. हमाल सुटतो, प्रेक्षकाला वाटतं तो विषय संपला.

सातव्या भागात अडत दुकानातली संगणकावर बसणारी मुलगी घरी ओढणी धूत असते. समोर तिची आई तिच्याशी लग्नावरून वाद घालतेय, आपलं सगळं लक्ष वादाकडं. ओढणीवर एका कोपऱ्यात लाल उमटतं आणि धुतल्यावर विरून जातं. ही मुलगी ऑफिसातून कधी गोदामाकडं फिरकलेली आपण पाहिलेली नाही. मग हळद आली कुठून? एकाच गोष्टीनं आधी निरपराध माणूस सुटला आणि नंतर खुनी, म्हणजे तोलाईदाराची ती पोर, सापडली. ज्या प्रेक्षकाला हे आधी कळेल तो उडी मारेल, आणि ज्याला कळणार नाही तोही नंतर म्हणेल, अरे, दाखवलं होतं की.

खुन्याला पोटापाण्याचं काम द्या

वीस वर्षं सूड मनात धरलेला माणूस खात काय होता? बऱ्याच संहितांत खुनी अंधाऱ्या खोलीत भिंतीवर फोटो लावून लाल रेघा मारत बसलेला असतो. असं कोणी जगत नाही. आपली मुलगी सकाळी डबा घेऊन येते, पट्ट्या काढते, हिशेब चोख ठेवते. पोलिसांना जुन्या वह्या लागतात तेव्हा तीच माळ्यावरून काढून देते. तपासाला मदत करणारा खुनी लिहिणं अवघड असतं, पण तोच सर्वांत जास्त पकडून ठेवतो.

यातून दुसरी अडचण उभी राहते. प्रेक्षक खुन्याच्या बाजूनं होतो आणि तपास करणारा फिका पडतो. त्यावर उपाय, तिघांपैकी एकाचा गुन्हा वाटतो तेवढा मोठा ठेवू नका. दिवाणजीनं फेरफार केला तो धमकीखाली, आणि नंतर अनेक वर्षं तो तोलाईदाराच्या बायकोला नाव न सांगता मनिऑर्डर पाठवत होता. हे मुलीला त्याला मारल्यानंतर कळतं. तपासाच्या बाजूलाही जखम हवी. २००५ साली तोलाईदाराच्या मृत्यूचा पंचनामा घाईघाईनं उरकणारा हवालदार आज सहायक फौजदार आहे, निवृत्तीला आलाय, आणि या तपासात तोच इन्स्पेक्टरच्या शेजारी बसतो. या माणसावर लेखकानं मन लावून काम करावं. मला विचाराल तर मालिका त्याच्यावर उभी राहते.

साताऱ्यात ‘एसीपी’ नसतो

हे वाचून कोणाला बारीकसारीक वाटेल, पण जिल्ह्यातला प्रेक्षक इथंच चॅनल बदलतो. सहायक पोलीस आयुक्त हे पद पोलीस आयुक्तालयात असतं, म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड, सोलापूर अशा शहरांत. सातारा आणि सांगलीला आयुक्तालय नाही. इथं जिल्हा पोलीस अधीक्षक, त्यांच्या हाताखाली उपविभागीय पोलीस अधिकारी, ठाण्याला निरीक्षक किंवा सहायक निरीक्षक, आणि मोठ्या गुन्ह्यात स्थानिक गुन्हे शाखा, म्हणजे एलसीबी. वर कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक. एलसीबी आणि ठाण्यातली रस्सीखेच हा तर फुकटचा नाट्यविषय आहे, तो का सोडता?

गावात पहिली खबर देणारा पोलीस पाटील असतो. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमानं त्याला तशी जबाबदारी दिलेली आहे. त्याला वगळून थेट सायरन वाजवत जीप आणू नका. संशयास्पद मृत्यूची आधी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद होते, पंचांसमक्ष मरणोत्तर पंचनामा होतो, आणि घातपात दिसल्यावर खुनाचा गुन्हा दाखल होतो. १ जुलै २०२४ पासून खुनाला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३ लागतं. त्याआधीच्या गुन्ह्याला जुन्या दंड संहितेचं ३०२ च. आपल्या गोष्टीत दोन काळ आहेत, त्यामुळं संवादात कोणत्या प्रकरणाला कोणतं कलम ते नीट बघा. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी जाण्याची तरतूदही नव्या कायद्यात आहे.

शवविच्छेदनाचा डॉक्टर ‘रात्री दहा वाजून वीस मिनिटांनी मृत्यू’ असं सांगत नाही, तो तासांचा पल्ला सांगतो. ताठरपणा काही तासांत सुरू होतो, साधारण बारा तासांत पूर्ण होतो, पुढं ओसरतो, आणि उन्हाळ्यात हे सगळं लवकर घडतं. व्हिसेराचा, म्हणजे तपासणीला पाठवलेल्या आतल्या अवयवांचा, अहवाल पुढच्या सीनला येत नाही. ती वाट बघणंच दोन भाग तोलून धरू शकतं.

जागा नुसती ड्रोनपुरती नको

अजिंक्यताऱ्यावरून ड्रोन फिरवला, कासची फुलं दाखवली, वाईचा घाट दाखवला, म्हणजे गोष्ट साताऱ्याची झाली असं होत नाही. खून त्या जागेशिवाय घडूच शकला नसता, असं असलं तरच जागा कामाची. हंगामही सांभाळा. कास फुलतं पावसाळा सरताना, तिथं मे महिन्यात फुलांत प्रेत पडणार नाही. नवी हळद फेब्रुवारीच्या सुमाराला बाजारात येते आणि पूर येतो जुलै-ऑगस्टला, तेव्हा सौदा आणि महापूर एका आठवड्यात आणू नका. पूर घ्यायचाच असेल तर सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी वापरा. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं. अख्खी सांगली तेव्हा फुटांतच बोलते. तिसरा माणूस पाण्यानं वेढलेल्या वाड्यात अडकलाय आणि पाणी इंचाइंचानं चढतंय, याहून चांगलं घड्याळ कुठं मिळेल?

बोलीबद्दल एवढंच, सगळ्यांच्या तोंडी सरसकट ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ घालू नका. यार्डातला हमाल, पेठेतला व्यापारी, मिरजेचा सतारमेकर आणि नागपूरहून बदलून आलेला निरीक्षक वेगवेगळं बोलतात. आणि ब्रेकच्या आधी खांद्यावर हात, ब्रेकनंतर तो मित्राचा, हा प्रकार एकदाही करू नका. प्रेक्षक तेवढ्यावर विश्वास काढून घेतो.

कबुलीजबाबावर शेवट टांगू नका

शेवटच्या भागात खुनी इन्स्पेक्टरसमोर सगळं कबूल करतो आणि मालिका संपते. पण पोलिसांपुढं दिलेली कबुली कोर्टात आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. आधी साक्ष अधिनियमाच्या कलम २५ मध्ये हे होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. म्हणजे तुमचा कळसाचा प्रसंग कायद्याच्या दृष्टीनं पोकळ.

यातून वाट आहे, आणि ती नाट्य म्हणूनही जास्त जोरकस आहे. आरोपीनं ताब्यात असताना सांगितलेल्या माहितीवरून एखादी वस्तू मिळाली, तर माहितीचा तेवढाच भाग ग्राह्य धरतात. म्हणून निवेदन पंचनामा लिहा. मुलगी पंचांसमक्ष सांगते, सगळे तिच्यामागून हरिपुरापर्यंत चालत जातात, आणि ती पडक्या विहिरीकडं बोट दाखवते. अडत्याचा कंदील तिनं खुनाच्या आदल्या रात्रीच तिथं टाकलेला असतो. संवाद जवळपास नाहीच, चालणं आहे आणि सहायक फौजदाराचा चेहरा आहे.

तिच्या तोंडून बोलणं हवंच असेल, तर ते न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर ठेवा. दंडाधिकारी तिला आधी बजावतात की कबुली द्यायलाच हवी असं नाही, आणि दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. पोलीस त्या खोलीत नसतात. तिनं ऐनवेळी नकार दिला, तर तिला पोलीस कोठडीत परत पाठवता येत नाही. इन्स्पेक्टर बाहेर बाकावर बसलाय, आत ती बोलणार की नाही ते त्याला माहीत नाही. तो सीन या बाजूनं, बाकावरून लिहा.