महिन्यात तिसऱ्यांदा पोटदुखी घेऊन आलेलं पोर : ओपीडीत काय करायचं

सात-आठ वर्षांचं पोर, सोनोग्राफी नॉर्मल, जंताचं औषध देऊन झालं, तरी शाळेच्या वेळेला पोट दुखतंच. पुढची टेस्ट लिहायच्या आधी त्याला दहा मिनिटं द्या, गर्दीत जमत नसेल तर संध्याकाळी शेवटच्या नंबरला बोलवा, पण बोलवाच. आणि नाटक करतोय असं आईसमोर म्हणू नका हो, भीतीनं पोट खरंच दुखतं.

आधी आईशी बोला. "आम्ही सगळ्यांनाच विचारतो" असं म्हणून सुरुवात केली की ती बिचकत नाही, मग घरात कुणी गेलं का, भांडणं, दारू, कुठला अपघात? सहा महिने कोरडं झोपणारं मूल परत अंथरूण ओलं करतंय, झोपेत दचकतंय, आईला सोडतच नाहीये, हे सगळं केसपेपरवर लिहा.

मग पोराशी एकट्याशी, सिस्टर खोलीत असू दे. "तुला कुणाची भीती वाटते का?" एवढं विचारायचं आणि गप्प बसायचं. हेच सगळ्यात अवघड, आपल्याला प्रश्नावर प्रश्न टाकायची सवय. बोललं तर "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" म्हणा, खोदून विचारू नका. कुणाला सांगणार नाही असं वचन तर अजिबात नको, कारण लैंगिक अत्याचाराचं कळलं तर पॉक्सो 2012 (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) च्या कलम 19 नुसार पोलिसांना कळवावंच लागतं, घरचे नको म्हणाले तरी. मुलगी असेल तर त्या केसमधली तपासणी लेडी डॉक्टरनेच करायची, तिच्या विश्वासाचं माणूस जवळ ठेवून. 1098 चाइल्डलाइनचा नंबर टेबलावर चिकटवून ठेवा.

रांगतही नसलेल्या बाळाला मुका मार दिसला, किंवा लहान मुलाच्या कानावर, मानेवर, पोटावर, तर सहज पडलं असेल म्हणून सोडू नका. पण आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कमरेवर जन्मतःच निळे डाग असतात, ते मार समजून उगाच आईबापाला धरायला नको, म्हणून पहिल्या लसीलाच ते लिहून ठेवायचे.

बऱ्याच वेळा गुन्हा वगैरे काही नसतं, आजोबा गेलेले असतात आणि पोराला कुणी नीट सांगितलेलंच नसतं, गावाला गेलेत म्हणून ठेवलेलं असतं. तिथे खरं सांगायला सांगा, झोपायची-जेवायची वेळ रोजची ठेवा, शाळा शक्यतो बंद नको. काउन्सेलरचं नाव काढलं की घरचे घाबरतात, तेव्हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, 14416 नंबर द्या, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आणि दोन आठवड्यांनी परत बोलवा, पोट दुखत नसलं तरी.