गिझर जुना झालाय, रिपेअर करू की नवा घेऊ?

आधी बघा पाणी कुठनं गळतंय. पाइपच्या जॉइंटवरनं असेल तर वॉशर बदलून, टेफ्लॉन टेप लावून भागतं, पण टाकीच गंजून ठिबकत असेल तर नवाच घ्या, वेल्डिंगच्या नादाला लागू नका. पाणी तापतच नसेल तर बहुतेक थर्मोस्टॅट नाहीतर कॉइल गेलेली असते, दोन्ही बदलता येतात, आणि बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार चढतोच म्हणून उघडून साफ करायला सांगा, सोबत अ‍ॅनोड रॉडपण (टाकीच्या आतली धातूची कांडी, टाकीऐवजी ती स्वतः झिजते) बघायला लावा, तो संपला की टाकी गंजायला लागते आणि हे कोणी सांगतच नाही. ८-१० वर्षं झाली असतील आणि खर्च नव्याच्या निम्म्यावर जात असेल तर मी तरी नवाच घेईन. नळाला करंट लागला तर मात्र लगेच मेन स्विच बंद करा, अर्थिंग तपासल्याशिवाय कोणाला अंघोळीला पाठवू नका प्लीज.