सोन्याच्या इलेक्ट्रोडवर डीएनएचा विशिष्ट क्रम कसा ओळखावा

या पद्धतीत हेअरपिनसारखा दुमडलेला डीएनए-प्रोब (शोधायच्या क्रमाला जुळणारा डीएनएचा छोटा तुकडा) सोन्यावर बसवतात. त्याच्या एका टोकाला थायॉल (सोन्याला चिकटणारा गंधकयुक्त गट) आणि दुसऱ्या टोकाला मिथिलीन ब्लू (इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनांची देवाणघेवाण करणारा रंग) असतो. जुळणारा क्रम, म्हणजेच लक्ष्य, आला की दुमड उलगडते, मिथिलीन ब्लू पृष्ठभागापासून दूर जातो आणि विद्युतप्रवाह घटतो. फॅन, प्लॅक्सको आणि हीगर या संशोधकांनी २००३ साली हीच कल्पना मिथिलीन ब्लूऐवजी फेरोसीन (एक लोहयुक्त संयुग) वापरून मांडली होती.

सारी भिस्त सोन्याच्या स्वच्छतेवर असते. इलेक्ट्रोड ०.०५ मायक्रॉनच्या ओल्या ॲल्युमिनाने मऊ कापडावर घासावा, पाण्यात सोनिकेट करावा (ध्वनिलहरींनी हलवून स्वच्छ करावा) आणि ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात त्यावरील व्होल्टेज वारंवार वरखाली फिरवावे. प्रवाहाचे लागोपाठचे आलेख एकमेकांवर तंतोतंत बसू लागले आणि सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड या संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.९ व्होल्टच्या आसपास सोन्यावरील ऑक्साइडच्या क्षपणाचे (ऑक्साइडचे पुन्हा सोने होण्याचे) टोकदार शिखर दिसले, तरच पुढे जावे. शिखर बोथट असेल तर मुकाट्याने पुन्हा घासायला बसावे, कारण ही कसर पुढे कशानेही भरून निघत नाही.

थायॉल मोकळा व्हावा म्हणून प्रोबमधील डायसल्फाइड बंध (दोन गंधक अणूंमधील जोड) टीसीईपी या क्षपणकारक रसायनाने तासभर अंधारात तोडावा, मग प्रोब सुमारे २०० नॅनोमोलरपर्यंत पातळ करून त्यात इलेक्ट्रोड तासभर ठेवावा. द्रावण फार तीव्र ठेवल्यास प्रोबची दाटी होते आणि लक्ष्याला शिरायला जागा उरत नाही. यानंतर मर्कॅप्टोहेक्झॅनॉल या छोट्या थायॉलच्या द्रावणात रात्रभर ठेवल्याने मोकळे सोने झाकले जाते व आडवे पडलेले प्रोब सुटे होतात. त्याचा वास उग्र असल्याने हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटातच) करावे.

मापन भरपूर मीठ असलेल्या फॉस्फेट बफरमध्ये करावे, कारण प्रोब व लक्ष्य या दोन्ही साखळ्या ऋणभारित असल्याने मिठाविना एकमेकींजवळ येण्यास कचरतात. स्क्वेअर वेव्ह व्होल्टॅमेट्रीने (व्होल्टेज चौकोनी लहरींत बदलत प्रवाह मोजण्याच्या पद्धतीने) उणे ०.१ ते उणे ०.४५ व्होल्टपर्यंतचा आलेख घ्यावा. मिथिलीन ब्लूचे शिखर साधारण उणे ०.२५ ते उणे ०.३ दरम्यान येते. त्याची उंची स्थिरावेपर्यंत थांबून मगच नमुना घालावा आणि तासाभराने पुन्हा मोजून घट टक्केवारीत काढावी. सोबत असंबद्ध क्रमाचा व एकाच बेसने (डीएनएच्या एका अक्षराने) वेगळ्या असलेल्या क्रमाचाही नमुना तपासणे अनिवार्य समजावे.

शेवटी इलेक्ट्रोड शुद्ध पाण्याने धुऊन ताज्या बफरमध्ये पुन्हा मोजावा. शिखर जवळपास मूळ उंचीवर परतले तर घट लक्ष्यामुळेच झाली होती. न परतल्यास प्रोबच सोन्यावरून सुटला असण्याची शंका घ्यावी आणि ते वाचन नोंदीतून बाद करावे.