यूएसबीवर चालतं, सेलवर बंद पडतं: हौशी इलेक्ट्रॉनिक्समधल्या या चुका टाळा

प्रोजेक्ट चालेना की पहिला संशय कोडवर जातो आणि दुसरा बोर्डावर. मग नवा बोर्ड येतो आणि तोही तसाच वागतो. घरच्या टेबलावर होणाऱ्या बहुतेक बिघाडांत चिप निर्दोष असते. दोष असतो सांध्यात, वायरीत किंवा सेलमध्ये. म्हणून बोर्ड बदलण्याआधी ही तीन ठिकाणं तपासा.

सोल्डर बिटवर वितळवून सांध्यावर थापणं

सर्वांत जास्त नुकसान करणारी सवय हीच. सोल्डरच्या तारेच्या पोटात फ्लक्स असतो आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा थर काढणं हे त्याचं काम. सोल्डर बिटवरच, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या तापलेल्या टोकावरच, वितळवलं, तर फ्लक्सचा वाटेतच धूर होतो आणि सांध्याशी पोचतो तो नुसता धातू. वरून गोळा छान दिसतो, पण आत घटकाचा पाय आणि बोर्डावरचा तांब्याचा ठिपका, म्हणजे पॅड, एकमेकांना धरलेले नसतात. दुरुस्तीवाले याला ड्राय सोल्डर म्हणतात. असा सांधा आज चालतो आणि महिन्याने बोर्डाला बोट लागलं की तुटतो. मग आठवडाभर कोड तपासला जातो.

बिट एकाच वेळी पॅडला आणि पायाला टेकवा, सेकंदभर थांबा आणि सोल्डरची तार पायाच्या दुसऱ्या बाजूने लावा. दोन्ही भाग पुरेसे तापले असतील तर सोल्डर आपोआप भोवती पसरतं. आधी तार काढा, मग बिट. सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं. चांगल्या सांध्याचा उतार पायावर खोलगट चढत जातो. पॅडवर नुसता थेंब बसला असेल, तर पॅड तापलंच नव्हतं. ग्राउंडच्या पॅडवर हे फार होतं, कारण तिथलं रुंद तांबं उष्णता ओढून घेतं. तिथे तापमान वाढवण्यापेक्षा रुंद टोकाचा बिट लावा.

नवशिक्यांनी ६३/३७ (६३ टक्के कथील, ३७ टक्के शिसं) सोल्डर घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. ते १८३ अंशांवर थेट वितळतं आणि थेट गोठतं. ६०/४० हे १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान लगद्यासारखं राहतं, आणि तेवढ्यात हात हलला की सांधा बिघडतो. शिसंविरहित सोल्डरला साधारण २१७ अंशांच्या वर जावं लागतं आणि त्याचा सांधा मुळातच थोडा निस्तेज दिसतो. तिथे चमक नाही म्हणून घाबरू नका.

काळ्या पडलेल्या बिटला कानस किंवा पॉलिश पेपर लावण्याआधी तो कोणत्या जातीचा आहे ते पाहा. साध्या उघड्या तांब्याच्या बिटला कानस चालते. लोखंडाचा मुलामा असलेल्या बिटला ती एकदा जरी लावली, तरी आतलं तांबं उघडं पडतं आणि सोल्डर ते हळूहळू खात जातं. असा बिट पितळी तारेच्या घासणीवर पुसा आणि आयर्न बंद करण्याआधी त्यावर सोल्डरचा थर ठेवा.

पत्र्याच्या किंवा नळाच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट पीसीबीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, नकोच. तिचा अंश पायांखाली राहतो आणि पावसाळी दमट हवेत तांबं हिरवं पडू लागतं. राळेचा फ्लक्स वापरा. डोळ्यांत जाणारा धूर शिशाचा नसतो, राळेचा असतो, पण तोही श्वसनाला वाईट आणि दम्याला कारण ठरणारा आहे. खिडकी उघडी ठेवा. शिसं हाताला लागतं, म्हणून जेवणाआधी हात धुवा.

मल्टिमीटरचा प्रोब १० अँपिअरच्या भोकात विसरणं

करंट मोजून झाला, लाल प्रोब तिथेच राहिला आणि मग सेलचा व्होल्टेज पाहायला गेलात, तर सेल सरळ शॉर्ट होतो. स्वस्त पिवळ्या मीटरमध्ये त्या भोकाला बऱ्याचदा फ्यूजच नसतो. लिथियम-आयन सेल त्या क्षणी कित्येक अँपिअर ओततो. करंट मोजून झाला की प्रोब लगेच जागेवर आणा. मीटरची स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी उतरली की आकडे खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

सेलवर जोडल्यावर बोर्ड पुन्हा पुन्हा रीसेट होणं

ईएसपी३२ हा वायफाय असलेला मायक्रोकंट्रोलर बोर्ड यूएसबीवर व्यवस्थित चालतो. १८६५० या गोल लिथियम-आयन सेलवर जोडला की दिवा लागतो, वायफाय सुरू होता होता बोर्ड रीसेट होतो आणि सीरियल मॉनिटरवर ‘ब्राउनआउट डिटेक्टर’चा, म्हणजे व्होल्टेज फार खाली गेल्याचा, संदेश येतो. मीटरवर सेल ३.८ व्होल्ट दाखवतो, म्हणजे वरवर सगळं ठीक.

गोम बोर्डावरच्या रेग्युलेटरमध्ये, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या चिपमध्ये, असते. बऱ्याच डेव्हलपमेंट बोर्डांवर एएमएस१११७ असतो. ३.३ व्होल्ट द्यायला त्याला स्वतःपुरता साधारण १ व्होल्टचा फरक लागतो, म्हणजे आत किमान ४.३ ते ४.४ व्होल्ट हवेत. लिथियम सेल पूर्ण भरला तरी ४.२ वरच थांबतो. शांत बसलेला बोर्ड कमी व्होल्टेजवर कसाबसा तग धरतो. वायफाय सुरू होताना काही मिलिसेकंदांसाठी करंट एकदम वाढतो आणि व्होल्टेज कोसळतो. ईएसपी३२ बनवणारी एस्प्रेसिफ कंपनी त्यासाठी किमान ५०० मिलिअँपिअर देणारा सप्लाय सुचवते. साध्या मीटरला हा खड्डा दिसतच नाही, कारण तो सरासरी दाखवतो.

तपासायला ३.३ व्होल्टच्या पिनेजवळ ४७० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. पट्ट्याची बाजू ग्राउंडला. रीसेट कमी झाले तर निदान पक्कं. पक्का उपाय म्हणजे सेलवरून ५ व्होल्ट देणारा बूस्ट मॉड्यूल किंवा पुरेसा करंट देणारा कमी ड्रॉपआउटचा (स्वतःपुरता थोडाच फरक लागणारा) रेग्युलेटर. पॉवरच्या वायरी ब्रेडबोर्डमधून नेऊ नका. त्याच्या ढिल्या स्प्रिंगांत आणि केसासारख्या जंपरमध्येही व्होल्टेज पडतो. व्होल्टेज नेहमी बोर्डाच्या पिनेवर आणि लोड चालू असताना मोजा.

टीपी४०५६ जसाच्या तसा वापरणं

हा निळा चार्जर मॉड्यूल बहुधा १ अँपिअरवर सेट होऊन येतो. २००० मिलिअँपिअर-अवरच्या सेलला ते ठीक, पण ५०० च्या चपट्या पाउच सेलसाठी ते दुप्पट झालं. करंट ठरवणारा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून ४.७ किलोओहम लावला की करंट साधारण २५० मिलिअँपिअरवर येतो. प्रोटेक्शनसह येणाऱ्या मॉड्यूलवर लोड नेहमी ‘आउट’ पॅडांना जोडा. तो ‘बी’ पॅडांना जोडला, तर सेल पार उतरला तरी प्रोटेक्शन त्याला तोडत नाही. १ अँपिअरच्या सेटिंगवर चार्जिंग चालू असताना बोर्ड १०० मिलिअँपिअरच्या वर खेचत असेल, तर चार्जरला सेल भरल्याचं कळतच नाही. सीरिजमधल्या दोन सेलना हा मॉड्यूल चालत नाही, तिथे वेगळा चार्जर आणि बीएमएस (सेल सांभाळणारं संरक्षक सर्किट) लागतो.

सेलच्या बाबतीत काटकसर

१८६५० वर ९९०० मिलिअँपिअर-अवर छापलेलं असेल, तर तो सेल घेऊच नका. या आकारात चांगले सेल साधारण ३५०० च्या आसपास असतात. सेलच्या टोकांवर आयर्न टेकवू नका, कारण उष्णता आतल्या सील आणि विभाजक पडद्यापर्यंत जाते. होल्डर घ्या किंवा निकेलची पट्टी स्पॉट वेल्ड करून घ्या.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले सेल वापरताना आवरण नीट न्याहाळा. सेलचं सगळं पत्र्याचं डबडं निगेटिव्ह असतं आणि ते पॉझिटिव्ह टोकाच्या कडेपर्यंत वर येतं. दोघांच्या मध्ये कागदी रिंग आणि पातळ प्लॅस्टिक एवढंच असतं. तिथे चिरलेल्या आवरणावर पट्टी घासली की शॉर्ट झालाच. अशा सेलवर नवी रिंग आणि नवं आवरण चढवा. २ व्होल्टच्या खाली पडून राहिलेला सेल पुन्हा चार्ज करू नका, कारण आतलं तांबं विरघळून परतताना आतच शॉर्ट तयार करू शकतं. वेगवेगळ्या व्होल्टेजचे सेल पॅरलल जोडू नका, आधी दोन्ही पूर्ण चार्ज करून एकाच पातळीवर आणा. टाकाऊ सेलच्या दोन्ही टोकांवर इन्सुलेशन टेप लावा आणि तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्रावर द्या.