अश्महत्यारांवरून शिकारीचा अंदाज बांधताना या चुका टाळा

१९३०च्या दशकात के. आर. यू. टॉड या नौदल अधिकाऱ्याने कांदिवलीजवळच्या खाणींत उघडे पडलेले गाळाचे थर तपासले, त्यातली दगडी हत्यारे गोळा केली आणि १९३९ मध्ये त्यावर लेख प्रसिद्ध केला. साष्टीच्या किनाऱ्यालगत त्यांना सूक्ष्मास्त्रेही, म्हणजे अगदी लहान दगडी पाती आणि टोके, मिळाली. कांदिवलीच्या त्या थरांवर आज वस्ती उभी आहे, पुन्हा जाऊन पडताळणी करायची सोय उरलेली नाही. म्हणून संग्रहालयांत आणि विद्यापीठांच्या कपाटांत जे दगड शिल्लक आहेत, किंवा पावसाळ्यानंतर एखाद्या टेकडीच्या उतारावर जे दिसतात, ते बेपर्वाईने हाताळणे परवडणारे नाही. दगड टिकतो, पण त्याच्या धारेवरचा पुरावा एका ब्रशनेही जातो.

धारदार दिसला की हत्यार

मुंबईत ही चूक सर्वांत सोपी आहे, कारण शहरभर फोडलेला बेसॉल्ट पडलेला असतो. क्रशरमधून निघालेली खडी, रेल्वेमार्गावरची खडी, सुरुंगाने उडालेल्या कपच्या, भरावाचे डेब्रिज. यांतल्या बऱ्याच तुकड्यांना धार असते. तेव्हा धार बाजूला ठेवा आणि खुणांचा क्रम पाहा.

माणसाने मोठ्या दगडातून ठोकून काढलेल्या छिलक्याच्या (पातळ कपचीच्या) एका टोकाला लहानसा सपाट भाग असतो, तिथे घाव बसलेला असतो. त्याच्या लगेच खाली पोटाच्या बाजूला, म्हणजे दगडातून सुटलेल्या आतल्या बाजूला, फुगवटा दिसतो आणि तिथून पाण्यातल्या तरंगांसारख्या वर्तुळाकार रेषा पसरतात. पाठीच्या बाजूला आधी निघालेल्या छिलक्यांचे खळगे असतात, आणि ते साधारण एका दिशेने गेलेले असतात. गाभ्यावर, म्हणजे ज्यातून छिलके काढले त्या मूळ दगडावर, घावाची जागा आणि छिलका निघालेली बाजू यांतला कोन ९० अंशांपेक्षा कमी असावा लागतो, त्याहून मोठ्या कोनावर छिलका नीट सुटत नाही. क्रशरच्या तुकड्यात फुटीच्या दिशा अस्ताव्यस्त असतात, कोन बोथट असतात आणि ताज्या फुटीचा करडा रंग सगळीकडे सारखा दिसतो. जुन्या बेसॉल्टवर तपकिरी, झिजलेली साल चढते. एका खुणेवर निर्णय देऊ नका. एकाच जागी, एकाच पद्धतीने फोडलेले अनेक तुकडे मिळाले तरच बोलण्यात अर्थ आहे.

देखणे तेवढे उचलणे

ही चूक भरून येत नाही. चंद्रकोरीच्या आकाराचे सुबक सूक्ष्मास्त्र पिशवीत जाते आणि भोवतीचा ‘कचरा’ तिथेच राहतो. खरे तर हत्यार कुठे घडवले, किती कसबाने घडवले, दगड जवळचा होता की लांबून आणलेला, हे सगळे त्या कचऱ्यातच असते. गाभे, छिलके आणि बारीक कपच्या एकत्र असतील तर ती घडवण्याची जागा. तयार हत्यारे आहेत पण कपच्या नाहीत, तर ती घडवून आणलेली असावीत, किंवा पावसाच्या पाण्याने बारीक तुकडे वाहून नेले असावेत. या दोन शक्यता वेगळ्या करायच्या तर बारीक तुकड्यांची मोजदाद हवीच. परवानगीने चाललेल्या उत्खननात माती २ ते ३ मिलिमीटरच्या जाळीतून चाळतात ती त्यासाठीच.

ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी काही उचलू नये, खणू तर मुळीच नये. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात तर दगड हलवण्याचा विचारही नको. जागेवरच मोजपट्टी ठेवून फोटो काढा, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश टिपा, भोवतालचा एक फोटो दूरून घ्या आणि पुरातत्त्व खात्याला कळवा. जागेवरून हललेल्या हत्याराचे निम्मे म्हणणे तिथेच संपते.

घासून लख्ख धुणे

सूक्ष्मदर्शकाखाली धार तपासायची असेल तर धुण्याच्या टेबलावरच निकाल लागतो. तारेचा ब्रश आणि ताठ टूथब्रश वापरू नका. आम्लात बुडवू नका. रक्त, राळ, पिष्टकण असे अवशेष शोधायचे ठरवले असेल तर तो दगड धुऊच नका. थोड्या मातीसकट वेगळा ठेवा, आजूबाजूच्या मातीचा नमुनाही वेगळ्या पुडीत घ्या. धारेवर जे सापडते तेच मातीतही भरपूर असेल, तर ते कामाचे अवशेष नव्हेत.

पावडर लावलेले हातमोजे टाळा. त्यात मक्याचे पिष्ट असते, आणि तेच पुढे ‘कंदमुळे कापल्याचा पुरावा’ म्हणून अहवालात येण्याचा धोका असतो. टेबलाशेजारी डबा उघडून पोळी-भाजी खाल्ली तरी हीच गत.

अनेक तुकडे एका पिशवीत भरले की लोकल-रिक्षाच्या प्रवासात ते एकमेकांवर आपटतात आणि धारेवर नव्या बारीक फुटी होतात. भिंगाखाली या फुटी वापराच्या खुणांसारख्याच दिसतात. प्रत्येक तुकड्याला वेगळी पुडी द्या. धातूच्या कॅलिपरचे जबडे धारेवर टेकवू नका, प्लॅस्टिकचा कॅलिपर घ्या. क्रमांक धारेवर किंवा टोकावर न टाकता पोटाच्या सपाट भागावर टाका. आधी पॅरालॉइड बी-७२ या पारदर्शक ॲक्रिलिक रेझिनचा पातळ थर, त्यावर शाई, वर पुन्हा एक थर. नेलपॉलिश कालांतराने पिवळे पडते, सोलपटते. जून ते सप्टेंबरमध्ये ओलसर दगड बंद पिशवीत गेला तर लेबलवर बुरशी येऊन क्रमांकच वाचता येत नाही. आधी सावलीत पूर्ण वाळवा, डब्यात सिलिका जेल ठेवा.

मोडलेले टोक म्हणजे बाणाचे टोक

इथे निष्कर्ष फार लवकर घसरतो. समजा, कॅल्सेडनीचे (गारगोटीच्या जातीच्या दगडाचे) एक पाते हातात आहे: लांबी २२, रुंदी ११, जाडी ३.५ मिलिमीटर. एक कड बोथट केलेली, टोक तुटलेले. दहापट भिंगाखाली तुटीच्या कडेला पायरीसारखी तूट दिसते. एवढ्यावर ‘बाण’ म्हणता येईल का? नाही. प्राण्यांच्या खुरांखाली तुडवल्याने आणि हातून खाली पडल्यानेही तशीच तूट होते, हे प्रयोगांतून दिसले आहे. वजनदार पुरावा म्हणजे टोकापासून पात्याच्या अंगावर मागे गेलेली, ६ मिलिमीटरपेक्षा लांब अशी दुय्यम फूट, किंवा दोन्ही अंगांवर उमटलेल्या अशा फुटी. तेही एका तुकड्यावर नव्हे, संग्रहात किती टक्के टोकांवर त्या आहेत ते पाहायचे.

दुसरे माप म्हणजे टोकाच्या छेदाचे क्षेत्रफळ: रुंदी गुणिले जाडी, भागिले दोन. वरच्या पात्याचे ते १९ चौरस मिलिमीटरच्या आसपास येते. ज्ञात हत्यारांच्या तुलनेत बाणाच्या टोकांची सरासरी ३३, फेकसाधनाने फेकायच्या शूलाची ५८ आणि हातात धरून भोसकायच्या भाल्याची १६८ चौरस मिलिमीटर धरली जाते. आकडा बाणाकडे झुकतो खरा, पण बेसॉल्टच्या पोकळीतला कॅल्सेडनीचा गोळा अक्रोडाएवढाच असेल तर त्यातून निघणारे प्रत्येक पाते बारीकच निघणार, मग ते बाणाला लावा नाहीतर विळ्याला. म्हणून आधी गाभ्यांची मापे घ्या. क्षेत्रफळ ही फक्त शक्यता आहे. वापराच्या खुणा, तुटी आणि दांड्यात बसवल्याच्या खुणा तिन्ही एकाच दिशेला गेल्या तर बोला.

सूक्ष्मास्त्र दिसले की ‘मध्याश्मयुग’ (शेतीपूर्वीचा शिकार-संकलनाचा काळ)

भारतीय उपखंडात सूक्ष्मास्त्रे ४५ हजार वर्षांपूर्वीपासून आहेत, आणि पुणे जिल्ह्यातल्या इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन (तांबे आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या) शेतकरी गावातही कॅल्सेडनीची पाती रोजच्या वापरात होती. पृष्ठभागावर खापरांसोबत मिळालेल्या पात्याचे वय आकारावरून ठरत नाही. अशा नोंदीत ‘सूक्ष्मास्त्र, काळ अनिश्चित’ एवढेच लिहा.

हीच घाई हातकुऱ्हाडीबाबतही, म्हणजे दोन्ही बाजूंनी घडवलेल्या, हातात धरायच्या मोठ्या हत्याराबाबतही होते. तमिळनाडूतल्या अत्तिरमपक्कमला अश्यूलियन (हातकुऱ्हाडींच्या परंपरेतली) हत्यारे सुमारे १५ लाख वर्षे जुनी ठरली, ती थरांतून मिळाली आणि त्या थरांचे काल शास्त्रीय पद्धतींनी मोजले गेले म्हणून. आकाराच्या साम्यावर तोच काळ कोकणातल्या सुट्या हातकुऱ्हाडीला चिकटवता येत नाही.

दगड आहे, म्हणजे शिकार होती

हातकुऱ्हाडीने कातडे सोलता येते, हाड फोडता येते, लाकूड तासता येते, कंद खणता येतो. तिला ‘शिकारीचे हत्यार’ म्हटले की बाकीचे सगळे जगणे पुसले जाते. जर्मनीतल्या शोनिंगेनला घोड्यांच्या हाडांसोबत भाले मिळाले, ते लाकडी होते. श्रीलंकेतल्या फा-हियन गुहेत ४५ हजार वर्षांहून जुन्या थरांत माकडे आणि खारींची हाडे मिळाली, सोबतची टोके हाडाची होती. शिकारीचा सर्वांत भक्कम पुरावा बहुधा दगडाबाहेर असतो. कोकणच्या आम्लधर्मी मातीत आणि मुसळधार पावसात हाड टिकत नाही. म्हणून इथे हाडे मिळाली नाहीत, यावरून शिकार होत नव्हती असेही ठरत नाही आणि होत होती असेही नाही.

हाडे मिळालीच तर कापल्याची खूण भिंगाखाली पाहा. दगडी धारेची खूण इंग्रजी ‘व्ही’ आकाराची असते आणि तळाला समांतर बारीक रेषा असतात. मांसभक्षकाच्या दातांची खूण रुंद, गोलसर तळाची असते. एकाच हाडावर दोन्ही असतील आणि एकमेकींवर चढल्या असतील, तर कोणती वर आहे ते नोंदवा. कापल्याची खूण दाताच्या खुणेवर चढली असेल, तर प्राण्याने खाल्लेल्या शिकारीतले उरलेले माणसाने घेतले असावे.