कोरालमधील समांतर फिफ्थ संगणकाने कशा शोधाव्यात

बाख या जर्मन संगीतकाराच्या चार आवाजी कोराल (चर्चमधील स्तोत्रगीत) रचनांमध्ये समांतर फिफ्थ, म्हणजे दोन आवाज सात अर्धस्वरांचे अंतर राखून एकाच दिशेने सरकणे हा दोष मानला जाणारा प्रकार, किती आढळतात, हे मोजणारा प्रोग्राम लिहिणे अवघड नाही. मात्र कोणते स्वर एकत्र वाजतात असे मानायचे, हे आधी ठरवले नाही तर हाती येणाऱ्या आकड्याला अर्थ उरत नाही.

पायथॉनच्या ‘म्युझिक२१’ या लायब्ररीत बाखच्या कोराल रचना तयार मिळतात. १७८४ ते १७८७ या काळात प्रसिद्ध झालेल्या ३७१ रचनांच्या संग्रहाचे क्रमांक वापरत असाल, तर त्यातील काही रचना दोनदा आलेल्या आहेत हे ध्यानात ठेवून त्या वगळाव्यात. फाइल स्वतःची असल्यास मिडीऐवजी (फक्त स्वरांची उंची व वेळ नोंदवणाऱ्या स्वरूपाऐवजी) म्युझिकएक्सएमएल (स्वरलिपी जशी लिहिली तशी साठवणारे स्वरूप) घ्यावी, कारण मिडीत जी शार्प आणि ए फ्लॅट यांतला भेदच उरत नाही.

कोणत्याही आवाजाचा स्वर बदलला की तेथे एक छेद, म्हणजे त्या क्षणी वाजणाऱ्या सर्व स्वरांचा गट, घ्यावा. चार आवाजांच्या सहा जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील अंतर अर्धस्वरांत मोजून त्याला १२ने भागावे आणि बाकी पाहावी. लागोपाठच्या दोन छेदांत बाकी ७ असेल आणि दोन्ही आवाज एकाच दिशेने सरकले असतील, तर ती समांतर फिफ्थ. दोन्हीकडे बाकी ० असेल, तर समांतर ऑक्टेव्ह (वेगळ्या सप्तकातला तोच स्वर) किंवा युनिसन (नेमका तोच स्वर). आवाज जागचे हलले नसतील, तर ती जोडी मोजू नये.

खरी पंचाईत पासिंग नोटची (दोन मुख्य स्वरांना जोडणाऱ्या मधल्या स्वराची) होते. प्रत्येक छेद धरला, तर दोन ठोक्यांवरच्या फिफ्थच्या मध्ये आलेला आठव्या भागाचा (अर्ध्या ठोक्याचा) स्वर ती समांतरता झाकतो. फक्त ठोक्यांवरचे स्वर धरले, तर ती उघडी पडते, पण ठोक्यावर सस्पेन्शन (मागून लांबवलेला स्वर) असेल तेथे मूळ कॉर्डऐवजी (एकत्र वाजणाऱ्या स्वरांऐवजी) लांबलेला स्वरच हाती लागतो. म्हणून दोन्ही पद्धतींनी मोजणी करावी आणि ज्या जागी उत्तरे वेगळी येतात, त्या मापाचा (स्वरलिपीतील दोन उभ्या रेघांमधल्या भागाचा) क्रमांक व आवाजांची नावे घेऊन स्वरलिपीत तपासाव्यात. फर्माटाच्या (ओळीच्या शेवटी थांबण्याच्या खुणेच्या) आधीचा शेवटचा आणि नंतरचा पहिला कॉर्ड यांच्यातील समांतरता वेगळ्या रकान्यात नोंदवावी. ओळीच्या सांध्यावर तिचा दोष कमी मानला जातो.

याच रचनांत पुढे रोमन अंकांनी कॉर्ड ओळखताना ‘की’ (सुरावटीचा आधारस्वर व त्याची स्वरश्रेणी) प्रत्येक ओळीसाठी स्वतंत्र काढणे मला अधिक भरवशाचे वाटते. क्रुम्हान्सल-श्मुक्लर पद्धत स्वरांचा क्रम न पाहता त्यांच्या एकूण कालावधीवरून ‘की’ ठरवते आणि तिला मेजर-मायनर या दोन स्वरश्रेणींपलीकडचे काही माहीत नसते. त्यामुळे फ्रिजियनसारख्या जुन्या मोडमधील (स्वरश्रेणीतील) सुरावटीच्या बाबतीत तिचे उत्तर फर्माटावरील केडन्सशी (ओळ संपवणाऱ्या कॉर्डच्या क्रमाशी) ताडून पाहावे.