गॉथिक भयकथेतला निवेदक कसा पारखावा?

गॉथिक म्हटले की पडका वाडा, तळघर, वादळी रात्र आणि शापित घराणे हे साहित्य डोळ्यांसमोर येते. होरेस वॉलपोल याने १७६४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द कॅसल ऑफ ऑट्रान्टो’ या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीवर ‘गॉथिक कथा’ असे उपशीर्षक छापले गेले आणि तेव्हापासून या साहित्याची परंपराच पडली. लघुकथेत मात्र एवढा पसारा मावत नाही. अमेरिकन कथालेखक एडगर अ‍ॅलन पो याने १८४२ मध्ये समकालीन कथाकार हॉथॉर्न याच्या कथांचे परीक्षण लिहिताना, कथा एका बैठकीत वाचून व्हावी आणि तिच्यातला प्रत्येक शब्द एकाच परिणामाकडे नेणारा असावा, असा आग्रह धरला. तो आग्रह त्याच्या स्वतःच्या कथांत कसा उतरला हे पाहिले, तर भीतीचे ठाणे वाड्यातून उठून सांगणाऱ्याच्या आवाजात आलेले दिसते. म्हणून अशा कथेचा अभ्यास भुतापासून न करता निवेदकापासून करावा. पुढील पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी : दोनदा वाचा

पहिले वाचन सलग करावे, पेन्सिल हातात घेऊ नये आणि मध्येच शब्दकोश उघडू नये. घाबरण्याचा हक्क सोडून विश्लेषण करायला बसलेला वाचक या कथेला न्याय देऊ शकत नाही. दुसरे वाचन सावकाश करावे आणि शेवट ठाऊक असताना सुरुवात कशी दिसते, याकडे लक्ष द्यावे.

दुसरी पायरी : कोण, कोणाला, केव्हा आणि कशासाठी सांगतो आहे?

प्रथमपुरुषी निवेदन असेल, तर हे चार प्रश्न समासात लिहून ठेवावेत. पोच्या ‘द कास्क ऑफ अमॉन्टिलाडो’ (१८४६) या कथेतला माँट्रेसॉर, आपला स्वभाव चांगला ओळखणाऱ्या कोणा एका व्यक्तीला उद्देशून बोलतो. ती व्यक्ती कोण हे कथा सांगत नाही. त्याने फॉर्च्युनाटो या ओळखीच्या माणसाचा केलेला खून होऊन अर्धे शतक लोटले आहे, हेही अगदी शेवटी कळते. हा कबुलीजबाब आहे की बढाई, हे या दोन गोष्टी कशा वाचायच्या यावरच ठरते. त्याच कथेत खोकणारा फॉर्च्युनाटो ‘मी काही खोकल्याने मरणार नाही’ असे म्हणतो आणि माँट्रेसॉर त्याला मनापासून दुजोरा देतो. इथला उपरोध वाचकाला दुसऱ्या वाचनातच पुरता चाखता येतो.

तिसरी पायरी : दावा आणि पुरावा शेजारी शेजारी मांडा

ही सर्वांत महत्त्वाची पायरी आहे आणि तिच्यासाठी पोची ‘द टेल-टेल हार्ट’ (१८४३) ही कथा घ्यावी. तिच्यातला निवेदक एका म्हाताऱ्याचा खून करून प्रेत जमिनीच्या फळ्यांखाली दडवतो आणि पोलिसांसमोर त्याला तिथून हृदयाचे ठोके ऐकू येऊ लागतात. ती चार-पाच पानांची आहे आणि मूळ इंग्रजी पाठ स्वामित्वहक्कातून मुक्त असल्याने सहज मिळतो. निवेदक पहिल्याच परिच्छेदात सांगतो की तो वेडा नाही, आजाराने त्याची ज्ञानेंद्रिये उलट तीक्ष्णच झाली आहेत, आणि हकिगत तो किती शांतपणे सांगतो ते आपण पाहावे. लगेच पुढे तो म्हणतो की त्याला स्वर्गातले, पृथ्वीवरचे आणि नरकातलेही बरेच काही ऐकू येत असे. वहीच्या पानावर दोन रकाने पाडून एकीकडे दावा आणि दुसरीकडे त्याला छेद देणारे वाक्य लिहीत गेले, की पहिल्याच परिच्छेदात रकाने भरू लागतात. खुनाचे कारण सांगताना तर तो ‘मला वाटते, त्याचा तो डोळाच असावा’ अशा अर्थाचे बोलून मग ‘होय, तोच’ म्हणतो. म्हणजे कारण त्याला आधीपासून ठाऊक नव्हते, बोलता बोलता ते सापडले आहे.

याच कथेत आणखी एक जागा थांबून वाचण्याजोगी आहे. आठव्या रात्री म्हातारा दचकून जागा होतो, निवेदक तासभर अंधारात निश्चल उभा राहतो आणि मग त्याला एक कण्हणे ऐकू येते. हा भीतीचा हुंकार आपल्या ओळखीचा आहे, कित्येक मध्यरात्री तो आपल्याच छातीतून उमटला आहे, असे तो सांगून टाकतो. मारणारा आणि मरणारा यांच्यातली रेषा इथे पुसट होते, आणि अखेरीस फळ्यांखालून येणारा आवाज नेमका कोणाच्या हृदयाचा, या शंकेला इथूनच आधार मिळतो. कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा आवाज, ही उपमा खुनाआधी एकदा आणि पोलिसांसमोर पुन्हा, जवळजवळ त्याच शब्दांत येते. तोच आवाज दोनदा ऐकू आला असेल आणि दुसऱ्या वेळी म्हातारा जिवंत नसेल, तर पहिल्या वेळी तरी तो त्याचाच होता का? कथा याचे उत्तर देत नाही आणि वाचकानेही घाईने देऊ नये.

चौथी पायरी : वाक्य मोठ्याने वाचा

पोच्या या निवेदकाची वाक्ये आडव्या रेघांनी तुटतात, तो एकच शब्द दोनदा-तीनदा उच्चारतो, आणि शेवटाकडे आवाज वाढत असल्याचे सांगताना त्याची वाक्ये धापा टाकू लागतात. त्याउलट ‘द फॉल ऑफ द हाऊस ऑफ अशर’ (१८३९) या कथेचे पहिले वाक्य शरदातल्या एका मळभाच्या दिवसाचे वर्णन करीत लांबत जाते आणि वाचकाला घोडेस्वाराच्या संथ चालीनेच वाड्यापर्यंत नेते. पुनरुक्ती, विराम आणि वाक्याची लांबी ही उपकरणे कानाने पकडावी लागतात.

पाचवी पायरी : परत येणारी प्रतिमा शोधा

‘अशर’मध्ये छपरापासून तळ्यापर्यंत नागमोडी गेलेली एक बारीक भेग सुरुवातीलाच दिसते आणि शेवटी त्याच भेगेतून चंद्र दिसतो. याला पूर्वसूचन म्हणून मोकळे होता येते, पण त्या परिसरातले लोक घराणे आणि वाडा या दोहोंना एकच नाव देतात, हे कथेने सांगून ठेवले आहे. त्यामुळे ती भेग भिंतीत आहे की वंशात, हा प्रश्न उरतो. शिवाय इथला निवेदक शहाणा पाहुणा असूनही हळूहळू त्यालाही आवाज ऐकू येऊ लागतात, आणि शेवटच्या क्षणी वाड्याचा मालक रॉडरिक अशर ‘वेड्या!’ अशी हाक मारतो ती त्यालाच.

सहावी पायरी : निवेदकाला न कळलेले टिपून ठेवा

शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’ (१८९२) ही कथा विश्रांतीची सक्ती झालेल्या एका स्त्रीने चोरून लिहिलेल्या टिपणांच्या रूपात आहे. डॉक्टर नवऱ्याची चाहूल लागताच निवेदिका लिहिणे थांबवते, म्हणजे कथेत मध्येच पडणाऱ्या खंडांनाही अर्थ आहे. खोलीतला पलंग कुरतडलेला असल्याचे ती एका ठिकाणी नोंदवते, आणि थोड्याच ओळींनंतर संतापाच्या भरात ती स्वतःच त्याचा कोपरा चावते. भिंतीला खालच्या बाजूने घासल्यासारखा एक पट्टा गेलेला तिला गूढ वाटतो, पण शेवटी तिचा खांदा त्या पट्ट्यात बरोबर बसतो. तिने हे दुवे जोडलेले नाहीत, ते आपण जोडतो, आणि जोडताना अंगावर काटा येतो.

तृतीयपुरुषी निवेदनाला थोडा कमी वेळ दिला तरी चालतो, कारण तिथे मुख्य प्रश्न काय दाखवले नाही एवढाच असतो. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या ‘द मंकीज पॉ’ (१९०२) या कथेत दारावर थाप मारणारा कोण, हे शेवटपर्यंत दिसत नाही. दार उघडते तेव्हा रस्ता रिकामा असतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या कथांवर वाढलेल्या मराठी वाचकाने हेच प्रश्न आपल्या आवडत्या गूढकथेला विचारून पाहावेत.

सातवी पायरी : लिहिताना उपकरणाचे नुसते नाव घेऊ नका

‘कथेत पुनरुक्ती आढळते’ या वाक्याने परीक्षकालाही काही मिळत नाही. कोणता शब्द, कोणत्या क्षणी परतला आणि त्यामुळे निवेदकाबद्दलचे आपले मत कसे बदलले, हे लिहावे. त्याचबरोबर निवेदक आणि लेखक यांची गल्लत टाळावी. पोचा खुनी म्हणजे पो नव्हे. गिलमन यांनी सक्तीच्या विश्रांतीचे उपचार स्वतः भोगले होते, तरीही ही कथा का लिहिली हे १९१३ साली सांगताना, त्यात आपण पदरची भर घातली असून आपल्याला कधी भास झाले नाहीत आणि भिंतींच्या सजावटीबद्दल कधी तक्रारही नव्हती, असे त्यांनी मिश्कीलपणे नोंदवून ठेवले आहे.